खेळण्यांचा रिकॉल महाद्वार रोडपर्यंत पोहोचतो का?

आजचा भाग तुमच्यातल्याच एकीच्या प्रश्नावर आहे. इचलकरंजीहून एका ताईंनी आवाजी मेसेज पाठवलाय. त्या म्हणतात, "दादा, मोटारीत दोष निघाला की कंपनी गाड्या परत बोलावते, पेपरात बातमी येते. पोरांच्या बॅटरीवरच्या खेळण्यांचं आपल्याकडं असं काही होतं का? आणि झालं, तर ते आम्हाला कळणार कसं?"

प्रश्न चार ओळींचा आहे, पण उत्तराला अख्खा भाग लागणार. माझा धंदा दुरुस्तीचा, हे नेहमीच्या ऐकणाऱ्यांना माहीतच आहे. मिक्सर, इस्त्री, टीव्हीचे रिमोट यांच्या बरोबरीनं आता पोरांच्या गाड्या, बोलणाऱ्या बाहुल्या, ड्रोन असलं सगळं टेबलावर येतं. त्यामुळं आत काय असतं ते रोज बघतो. आज थोडं कायद्याचं आणि थोडं टेबलावरचं बोलू.

आधी रिकॉल म्हणजे काय ते बघू. माल परत मागवायचा तर तीन गोष्टी माहीत लागतात: कुणी बनवला, कुठल्या घाण्यातला आहे, आणि आत्ता कुणाकडं आहे. मोटारीचं सोपं असतं. आरसी बुकावर मालकाचं नाव, चासी नंबर, सगळं असतं. शोरूमवाला फोन करतो, "साहेब, गाडी घेऊन या." २०१५ च्या जूनमध्ये मॅगी दुकानांतून उचलली गेली होती, आठवत असेल. त्यात 'कुणाकडं आहे' हे विचारायची गरजच नव्हती, कारण माल दुकानाच्या फळीवरच होता. जी घरात शिजली ती शिजली.

खेळण्याच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाला उत्तरच नसतं. महाद्वार रोडवर, जोतिबाच्या यात्रेत, रंकाळ्याच्या चौपाटीवर आपण खेळणं घेतो तेव्हा पावती मागतो का? दीडशे रुपये दिले, पोरगं गप्प झालं, विषय संपला. उद्या कुणी ठरवलं की त्या हेलिकॉप्टरची बॅटरी धोक्याची आहे, तर फोन कुणाला करायचा?

ज्याची नोंद असते तिथं काय होतं, त्याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. खेळण्याचं नाही, प्रेशर कुकरचं. केंद्रात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नावाची यंत्रणा आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून आलेली, २०२० पासून कामाला लागलेली. तिनं २०२२ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनला आदेश दिला की तुमच्या साइटवरून सक्तीच्या मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकले गेलेत, त्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, वर एक लाख दंड भरा. फ्लिपकार्टलाही तसाच आदेश झाला, ५९८ कुकरचा. ॲमेझॉनचं प्रकरण पुढं दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तो वेगळा विषय. मला त्यातला आकडा बघायला लावायचाय. दोन हजार दोनशे पासष्ट. 'दोन-अडीच हजार' असं मोघम नाही. कारण प्रत्येक कुकरमागं एक पत्ता आणि एक मोबाइल नंबर होता.

त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवायचा आणि गिऱ्हाइकाचे पैसे परत द्यायला लावायचा अधिकार या प्राधिकरणाला आहे. तो खेळण्यांनाही लागू होतो. म्हणजे ताईंच्या प्रश्नाचा पहिला भाग: होय, तरतूद आहे. दुसरा भाग, आम्हाला कळणार कसं, तिथं गाडी अडते. ऑनलाइन घेतलं असेल तर कदाचित मेसेज येईल. रस्त्यावर घेतलं असेल तर येणार नाही. याला कुणाची लबाडी लागत नाही, पावतीच नाही तर निरोप जाणार कुठं?

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत बघा कसं चोख असतं. असतं, थोडं. १९९८ साली तिथं फिशर-प्राइसच्या 'पॉवर व्हील्स' गाड्या, म्हणजे पोरं आत बसून चालवतात त्या बॅटरीच्या जीप, जवळपास एक कोटी परत मागवल्या होत्या. वायरिंग तापून आगी लागल्याच्या तक्रारी होत्या. लोकांना सांगितलं की आधी बॅटरी काढून ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला दुरुस्त करून घ्या. पण दोष माहीत असून सरकारला वेळेत कळवला नाही, म्हणून २००१ मध्ये त्या कंपनीला ११ लाख डॉलर दंड भरावा लागला. चोख देशातसुद्धा कंपनी आपण होऊन तोंड उघडते असं नाही. २०१६ च्या जुलैमध्ये तिथंच पाच लाखांवर हॉवरबोर्ड परत मागवले, लिथियम बॅटऱ्या पेटत होत्या म्हणून.

आणि एक गंमत सांगतो. न्यू जर्सीच्या आत्यानं दोन वर्षं वापरून झालेलं खेळणं सुट्टीत येताना भाच्याला आणलं. मागाहून त्याचा रिकॉल निघाला तर ईमेल आत्याला जाणार आणि खेळणं कोल्हापुरात. बाहेरून आलेलं बॅटरीचं खेळणं असेल तर त्याच्या बुडावरचा मॉडेल नंबर त्या देशाच्या रिकॉलच्या यादीत एकदा शोधा. अमेरिकेची यादी ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या साइटवर असते, युरोपची 'सेफ्टी गेट'वर. पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडं भर दिलाय तो माल बाजारात यायच्या आधी अडवण्यावर. २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेनं दिल्ली परिसरातल्या बाजारातून १२१ प्रकारची खेळणी उचलून तपासली, त्यात जवळपास ६७ टक्के नापास झाली. मग २०२० च्या फेब्रुवारीत आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि खेळण्यांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला. तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला आयएसआय मार्क सक्तीचा झाला, देशी असो की परदेशी. हस्तकला म्हणून नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे. पण बॅटरीचं खेळणं घेऊन कुणी 'हस्तकला' सांगायला लागलं तर हसून पुढं जावा.

मार्क बघायचा कसा? आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा नंबर असतो. साध्या खेळण्याला आयएस ९८७३, विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्याला आयएस १५६४४. चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' आणि पुढं आकडे, तो परवान्याचा नंबर. खोक्यावर नुसतं 'सीई' छापलेलं असेल तर ते युरोपच्या बाजाराचं चिन्ह आहे, इथं त्याचा उपयोग नाही. बरेच दुकानदार तेच बोटानं दाखवतात, "हे बघा, मार्क आहे की." काहींना खरंच फरक माहीत नसतो.

तो परवाना नंबर खरा की छापलेला, हे बघायला नवं काही शिकायला नको. गुजरीत सोनं घेताना सहा अक्षरी एचयूआयडी ज्या ॲपमध्ये तपासता, त्याच 'बीआयएस केअर'मध्ये परवाना तपासायची सोय आहे. नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला, सगळं येतं. अंगठीसाठी दहा मिनिटं काउंटरवर उभे राहतो आपण. पोरगं जी वस्तू दिवसभर तोंडात घालतं तिच्यासाठी दोन मिनिटं काढायला काय हरकत आहे?

मार्क नसलेला माल विकला तर २०१६ च्या बीआयएस कायद्यात पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा कमीत कमी दोन लाख दंड, किंवा दोन्ही. २०२३ च्या जानेवारीत देशभरातल्या मोठमोठ्या मॉलमधून, नावाजलेल्या दुकानांतून १८,६०० खेळणी जप्त झाली होती. काचेच्या दुकानात एसीत ठेवलेला माल आहे म्हणजे चांगलाच, असं धरून चालू नका.

यात मला फेरीवाल्यावर राग काढायचा नाही. यात्रेत बसलेला माणूस माल आणतो मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या घाऊक बाजारातून. त्यालाही पावती मिळत नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नसतं, असलं तर पत्ता अर्धा. कायद्याचा दंडुका पडला की पहिला तो सापडतो आणि कंटेनर भरून माल आणणारा सापडत नाही. माझं मत विचाराल तर तपासणीचा जोर बंदरावर आणि घाऊक गोदामात हवा, जोतिबाच्या पायरीवर नको.

आता टेबलावरच्या गोष्टी. यातली पहिली नीट ऐका, बाकीचं विसरलात तरी चालेल.

बटण सेल. रुपयाच्या नाण्यासारखा चपटा, चकचकीत. मोठा तो सीआर २०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्ट. लहान पोरानं तो गिळला तर अन्ननलिकेत अडकायला अगदी बेताच्या मापाचा. लोकांना वाटतं सेल फुटतो, आतलं विष बाहेर येतं. तसं व्हायची गरजच नसते. दिवाळीत पाण्यावरचे दिवे मिळतात बघा, पाण्यात ठेवला की पेटतो, उचलला की विझतो. खाली दोन टोकं असतात, ओल लागली की सर्किट पूर्ण होतं. घशात तेच होतं. सेलच्या दोन बाजू, मध्ये ओली अन्ननलिका, लाळ आहेच. वीज वाहायला लागते आणि ऋण टोकाच्या बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली तयार होतो. तो मांस जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल काढल्यावरही जखम आत खोल जात राहते, श्वासनलिकेपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत. आणि खेळणं चालेनासं झालं म्हणून 'संपलेला' म्हणता तो सेलसुद्धा हे करतो. मोटार फिरवायला दम उरला नसला तरी जाळायला पुरेसा असतो.

अवघड भाग हा की पोरगं सांगत नाही. लाळ गळते, खात नाही, खोकतं, कधी किरकिर करतं, कधी काहीच नाही. आपल्याकडं नाणं गिळलं की केळं खायला घालायची पद्धत आहे, पुढं सरकेल म्हणून. सेल असेल किंवा सेल आहे की नाणं अशी शंका जरी असेल, तर केळं नाही, भात नाही, उलटी करवायची नाही. सरळ एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. स्वतःची गाडी नसेल तर १०८. आणि दारात पोहोचल्यावर "काहीतरी गिळलंय" असं म्हणू नका. "बटण सेल गिळला असेल" हे शब्द वापरा. एक्स-रेत नाणं आणि सेल दोन्ही गोल दिसतात, सेलच्या कडेला दुहेरी रिंग दिसते. ती बघायची आठवण तुमच्या त्या शब्दानं होते. खेळण्यातला तसाच दुसरा सेल किंवा रिकामं पाकीट सापडलं तर बरोबर न्या.

एक अपवाद, तो मध. मूल वर्षापेक्षा मोठं असेल, गिळून बारा तासांच्या आतलं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर हॉस्पिटलच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असं अमेरिकेतलं विषबाधा केंद्र सांगतं. चमचा चहाचा, आणि जास्तीत जास्त सहा वेळा. मधाचा थर जळण्याचा वेग कमी करतो. पण मध शोधायला निघायला उशीर करायचा नाही, आणि वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. मधानं बरं वाटलं म्हणून घरी परतायचं तर मुळीच नाही. नाकात किंवा कानात सेल घातला असेल तर थेंब टाकू नका, ओल वाढली की जळणं वाढतं.

यात खेळण्यांचा एक मोठेपणा मान्य करायला हवा. मानकात बसणाऱ्या खेळण्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू असतो, पोराच्या बोटांनी उघडत नाही. घरातल्या इतर वस्तूंना तो नसतो. अमेरिकेत २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'रीस'च्या नावानं कायदा झाला, अठरा महिन्यांच्या एका मुलीच्या नावानं. तिनं गिळलेला सेल रिमोटमधला होता, खेळण्यातला नव्हता. ऑस्ट्रेलियानं त्याच वर्षी २२ जूनपासून बटण सेल असलेल्या सगळ्याच ग्राहक वस्तूंना नियम लावले. आपला आदेश 'खेळणं' या शब्दाभोवती आहे. पण दोन वर्षांच्या पोराला खेळणं कशाला म्हणतात हे कोण सांगणार?

गणपतीच्या आराशीची रंगीत एलईडी पट्टी आणता ना, तिच्याबरोबर पत्त्याएवढा पातळ रिमोट येतो. त्याच्या बुडातली ट्रे नखानं ओढली की बाहेर, आत सीआर २०२५. स्क्रू नाही, काही नाही. दिवाळीचे बॅटरीचे दिवे, गाणारं ग्रीटिंग कार्ड, लेझरची किल्ली-साखळी, वजनकाटा, थर्मामीटर, आजोबांचं कानाचं यंत्र, मोटारीची चावी. आज रात्री घरात एक फेरी मारा आणि हे मोजा. झाकण सैल असेल तर चांगल्या चिकटपट्टीचे दोन वेढे मारा आणि वस्तू वरच्या फळीवर ठेवा. काढलेला सेल टेबलावर ठेवू नका, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून डब्यात टाका. आणि काही खोक्यांवर बारीक अक्षरात 'हे खेळणं नाही' किंवा '१४ वर्षांवरील' असं लिहून आत कार्टूनचं चित्र असतं. ते आदेशातून सुटायला लिहिलेलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, बसायची जीप. आत ६ व्होल्टची किंवा १२ व्होल्टची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. तिचा शॉक बसत नाही, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण दोन टोकं थेट जुळली तर तिच्यातून एवढा प्रवाह निघतो की बारीक वायर चुलीतल्या तारेसारखी लाल होते. आणि आपण कोल्हापूरकर! गाडी आहे तशी ठेवली तर शप्पथ. महिन्यातून एकजण तरी येतो, "दादा, जीप पळत नाही, ६ ची काढून १२ ची टाका की." मी टाकत नाही. मोटार, स्विच, वायर सगळं सहाच्या हिशेबाचं असतं. बारा दिले की प्रवाह वाढतो, गाडी पळते आणि सीटखालची वायर तापते. सीटवर तुमचं पोरगं बसलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार. तशा जोडलेल्या गाड्या उघडल्यात मी. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर फ्यूज बिघडलेला नाही, तो त्याचं काम करतोय.

तिसरी गोष्ट, लिथियमची चार्जिंगवाली खेळणी. ड्रोन, रिमोटची गाडी, पाण्याची बंदूक. घरात अशी चार खेळणी असली की चार केबली होतात, आणि पुष्कळदा पिन एकसारखी असते. एकीकडं निकेलच्या पॅकची ४.८ व्होल्टची केबल, दुसरीकडं ३.७ व्होल्टचा लिथियम पॅक. पिन बसते, म्हणून लावली जाते. स्वस्त पॅकच्या आत जादा चार्जिंग थांबवणारी छोटी पट्टी कधी असते, कधी नसते. नसली तर पॅक फुगतो, पुढं काय होईल ते नशीब. प्रत्येक केबलीवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, कुठल्या खेळण्याची ते लिहून. चार्जिंग गादीवर नको, फरशीवर करा, आणि सगळे झोपल्यावर नको. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि दगावला. ती बॅटरी फार मोठी होती हे खरं, पण चार्जिंग करताना जपायचं ते तेच.

फुगलेला पॅक दाबून सपाट करू नका, टोचू नका. घंटागाडीत तर टाकूच नका, तिथं दाबला जाऊन पेटू शकतो. आणि पंचगंगेकाठच्या लोकांसाठी एक वेगळं सांगणं. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाण्यात बुडालेली खेळणी वाळवून पुन्हा चार्जिंगला लावणारे बरेच भेटले. मोटार वाळते. पाण्यात राहिलेल्या लिथियम पॅकचा भरवसा धरू नका. पॅक काढा, खेळणं ठेवा.

आता ताईंचा शेवटचा मुद्दा, बिघाड दिसला तर करायचं काय. खेळणं तापलं, वितळलं, झाकण आपोआप उघडलं, तर आधी बॅटरी काढा. मग फोटो: खेळण्याचा, खोक्याचा, मार्कचा, मॉडेल नंबरचा. 'बीआयएस केअर'मध्ये तक्रारीची सोय आहे, मार्क खोटा असो की मार्क असून माल खराब असो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. इजा झाली असेल तर कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरणच आहे, आणि दावा कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालतो. पण तिथं पहिला प्रश्न येतो पावतीचा. म्हणून यात्रेतसुद्धा, साध्या कागदावर का होईना, तारीख आणि दुकानाचं नाव लिहून मागा. नाहीच दिलं तर पैसे गूगल पेनं द्या, तेवढी तरी नोंद राहते. खोकं लगेच रद्दीत घालू नका. निदान परवाना नंबरच्या बाजूचा तुकडा कापून बॅटरीच्या झाकणाच्या आतून चिकटवा, मी माझ्या गिऱ्हाइकांना तसाच चिकटवून देतो.

स्क्रू नसलेली झाकणं कुठल्या वस्तूंत सापडली त्याचे फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. त्यातल्या कुठल्या झाकणाला घरच्या घरी स्क्रू बसवता येतो, तेही दाखवतो.